खोरे धरण्याची रीत

डग्लस स्टुअर्ट यांच्या ‘शगी बेन’ या कादंबरीत थोरला भाऊ धाकट्याला चालायला शिकवतो. धाकटा काही रांगणारे मूल नाही, चांगला शाळकरी पोरगा आहे. पण त्याच्या चालीवरून वस्तीतली पोरे त्याला छळतात, म्हणून थोरला भाऊ लीक त्याला पाय कसे टाकायचे आणि अंग किती हलू द्यायचे याचे धडे देतो. ग्लासगोच्या बाहेरची, खाण बंद पडल्याने ओस होत चाललेली वस्ती, १९८० चे दशक, दारूत बुडालेली आई, घराकडे पाठ फिरवलेला टॅक्सीवाला बाप, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हा प्रसंग लहानसाच आहे. २०२० साली कादंबरीला बुकर मिळाले तेव्हा आईच्या व्यक्तिरेखेविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. माझे मन मात्र चालण्याच्या त्या धड्यापाशीच घोटाळत राहिले, कारण कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही तो धडा परका वाटणार नाही. आमच्या पेठांमध्ये पुरुषाने चालण्याची एक ठरलेली रीत आहे: छाती पुढे, मान ताठ, आणि काखेत बेंड आल्यासारखे दोन्ही हात अंगापासून लांब. ही रीत कुणी बसवून शिकवत नाही, पण ज्याला ती जमत नाही त्याला चौकातल्या कट्ट्यावरून ते ताबडतोब कळवले जाते.

मी समलिंगी आहे आणि माझे वडील फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कारागीर होते. या लेखाला लागणारी माझी ओळख एवढीच. समलिंगी पुरुषांविषयीचे साहित्य मी बऱ्यापैकी वाचले आहे आणि कामगारांविषयीचेही, पण एकातला माणूस दुसऱ्यात सहसा सापडत नाही. समलिंगी नायक बहुधा शिकलेला, हळवा, पुण्या-मुंबईत स्वतःची खोली असलेला असतो. कामगार नायक बहुधा बायकापोरांचा धनी, संपात होरपळलेला आणि रात्री दारू पिणारा. गेल्या दहा-बारा वर्षांत युरोपातल्या काही लेखकांनी ही वाटणी मोडली, आणि मोडली ती स्वतःच्या घरापासून. स्टुअर्ट ग्लासगोच्या गरीब वस्तीत वाढले. फ्रान्सचे एदुआर लुई हे उत्तरेकडच्या पिकार्दी भागातल्या अलांकूर या खेड्यातले, आणि त्यांचे वडील पितळेच्या कारखान्यात कामगार. या दोघांना वाचताना एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. कष्टकऱ्याच्या घरात पुरुषपणा ही आधी रोजगाराची बाब असते. अंग हेच भांडवल असल्यामुळे त्या अंगाने कसे उभे राहावे, कसे वाकावे, आवाज किती खाली लावावा याची चिंता सगळे घर वाहते, आणि जो पोरगा त्या मापात बसत नाही त्याच्याविषयीची घरच्यांची भीती अब्रूइतकीच भाकरीची असते.

दहावीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत वडिलांनी मला कामावर नेले. फौंड्री उद्यमनगरातली, लहान, पत्र्याच्या छपराची. चार पैसे मिळावेत हा हेतू दुय्यम होता. पोरगा दिवसभर घरात बसून वाचतो, हे त्यांना बघवत नव्हते. मला वाळू चाळण्याचे काम मिळाले. साच्याची वाळू काळी असते, तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, आणि पाणी अशा बेताने मारावे लागते की मुठीत दाबली तर घट्ट गोळा व्हावा आणि गोळा मोडला तर कडा स्वच्छ तुटावी. ती वाळू मी खोऱ्याने चाळणीवर टाकत होतो. दुपारी एका हेल्परने हातातले काम थांबवून विचारले, “मिस्त्री, तुमचं पोरगं खोरं धरतंय का लाटणं?” सगळे हसले. वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समोरची साच्याची पेटी त्यांनी ठोकून पुरी केली. पाळी सुटून लोक हातपाय धुवायला गेले तेव्हा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले, माझ्या दोन्ही हातांवर त्यांनी आपले हात ठेवले आणि म्हणाले, “मनगट मोडू नगंस. मनगट मोडलं की सगळं वजन त्येच्यावर येतंय. कोपरापासनं उचल.” त्यांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडून झालेले पांढरे ठिपके होते, जवळून पाहिले तर प्रत्येक ठिपका गुळगुळीत, बिनकेसाचा, भोवती किंचित सुरकुतलेला. त्या संध्याकाळी आम्ही दोघे बराच वेळ एका ढिगातली वाळू उगीचच दुसऱ्या ढिगात टाकत राहिलो.

तो सल्ला कामाचाच होता. मनगट मोडून भार उचलणाऱ्याचा हात लवकर निकामी होतो, हे कुठलाही मोल्डर सांगेल. आणि तो सल्ला आणखी कशाविषयी होता, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. त्या वाक्यातली कारागिरी कुठे संपते आणि मर्दानगी कुठे सुरू होते, हे वेगळे काढून दाखवा असे कुणी म्हटले तर ते मला आजही जमणार नाही. मध्यमवर्गीय घराच्या कथेत बापाचा ‘पुरुषासारखा वाग’ हा नुसता हुकूम असतो. तो धुडकावला की नायक मोकळा झाला, निदान लेखकाच्या लेखी तरी. इथे हुकुमात हात वाचवण्याची युक्ती कालवलेली असते, म्हणून तो सबंध धुडकावता येत नाही आणि सबंध गिळताही येत नाही.

लीकच्या धड्यातही हेच आहे. लीक स्वतः चित्रकार वृत्तीचा. आर्ट स्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याचे पत्र तो जवळ बाळगतो आणि घरापायी जात मात्र नाही. धाकट्याला चालायला शिकवतो तो त्याच्यावरच्या मायेपोटी, आणि त्या मायेतून धाकट्याला कळते ते एवढेच की त्याचे अंग चुकीचे आहे. स्टुअर्ट दोघांपैकी कुणाचाही कैवार घेत नाहीत. कमी कुवतीच्या लेखकाने लीकला एक तर आडमुठा केला असता किंवा समजूतदार भाऊ म्हणून त्याच्या तोंडी एखादे भाषण तरी घातले असते.

लुई यांची पहिली कादंबरी, इंग्रजीत ‘द एंड ऑफ एडी’ या नावाने आलेली, २०१४ सालची. शाळेच्या बोळात दोन पोरे एदीच्या तोंडावर थुंकतात, इथून ती सुरू होते. हा पोरगा रोज सकाळी न्हाणीघरात स्वतःला बजावतो की आजपासून मी कणखर होणार. पुढे २०१८ मध्ये त्यांनी वडिलांवर एक छोटे पुस्तक लिहिले. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या या माणसाला धड चालता येत नाही, कारण कारखान्यात वजन अंगावर पडून त्याची पाठ कायमची दुखावलेली आहे. लुई शिराक, सार्कोझी, ओलांद, माक्रों अशी राज्यकर्त्यांची नावे घेऊन सांगतात की कुणाच्या निर्णयाचा बापाच्या शरीरावर काय परिणाम झाला. (शेवटाकडे ते जरा भाषणाच्या सुरात जातात, हेही सांगायला हवे.) पण माझ्या दृष्टीने त्या पुस्तकातला ऐवज वेगळा आहे. पोरीसारखे वागायचे नाही या शिकवणुकीचाच एक भाग म्हणून बापाने शाळा लवकर सोडली, कारण मास्तरांचे ऐकणे आणि पुस्तकात डोके घालणे हे बायकीपणाचे लक्षण. शाळा सुटली म्हणून कारखाना मिळाला आणि कारखान्याने पाठ मोडली. पुरुषपणाने या माणसाला गरीब ठेवले, असा लुई यांचा सरळ हिशोब आहे. समलिंगी मुलाला हिणवणारा बाप त्याच शिव्यांच्या धाकाने स्वतःही खचला, हे पाहण्यासाठी मुलाला बापाविषयीचा राग थोडा बाजूला ठेवावा लागतो. ते सोपे काम नव्हे.

आमच्याकडे हा हिशोब अर्धा मांडलेला आहे, आणि तो मांडणारा लेखक कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर, कागलला जन्मला. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शेतात राबायला हात हवेत म्हणून बाप पोराच्या शिक्षणाच्या आड येतो, १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले ते आत्मकथन घराघरांत वाचले गेले. मला इथे हवी आहे ती त्यांची ‘नटरंग’ ही कादंबरी. गुणा हा कागलचा मजूर, अंगाने पैलवान, तमाशाच्या वेडाने झपाटलेला, राजाचे सोंग घेण्याची हौस असलेला. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून शेवटी तोच नाच्या होतो. रवी जाधव यांच्या २०१० च्या चित्रपटात विहिरीवर पंप बसतो, मजुरांचे काम जाते आणि मग फड उभा राहतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: गुणाच्या बलदंड अंगाला बाजारात गिऱ्हाईक उरत नाही, तेव्हाच तो लचकणारे अंग बाजारात मांडतो. दोन्ही वेळा विकायला त्याच्याकडे दुसरे काहीच नसते.

गुणा समलिंगी नाही. त्याला बायको आहे, मूल आहे, फडातल्या बाईविषयी ओढ आहे. तरीही त्याच्या वाट्याला येते ती आमच्यासाठी राखून ठेवलेली शिक्षा: घरचे तोंड फिरवतात, गाव हसते, आणि मर्द म्हणवणारे लोक त्याच्यावर बलात्कार करतात. चित्रपट पाहताना लोकांनी अतुल कुलकर्णी यांनी आधी कमावलेल्या आणि मग उतरवलेल्या शरीराला दाद दिली. मी त्यांच्या मनगटाकडे पाहत होतो. माझ्या वडिलांनी जे सरळ करू पाहिले ते गुणा मेहनतीने, रियाज करून वाकवायला शिकतो, आणि तेही एक कसबच आहे, पोट भरण्याचे. पुरुषपणा शिकून येतो आणि बायकीपणाही शिकून येतो, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारी कलाकृती आमच्या मातीतून आली याचा मला अभिमान आहे. पण गुणाला एखादा पुरुष आवडला असता तर काय झाले असते, या प्रश्नापाशी ती कथा जात नाही, कारण तो तिचा विषयच नाही. मराठीत तो प्रश्न आला तो वेगळ्या घरांतून. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक कॉलेजच्या जगातले, तेही स्त्रीविषयी. आणि २००६ ची सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली, जिथे भाड्याने दिलेल्या खोलीत राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. कादंबरी देखणी आहे. ती घडायला घरात भाड्याने देण्याजोगी एक जास्तीची खोली असावी लागते, एवढेच मी नोंदवून ठेवतो.

कोल्हापूरचा विषय निघाला की लोकांना तालीम हवी असते, तेव्हा तिच्याविषयीही बोलू. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभे केले, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत दूरदूरची पोरे येऊन राहिली. यातली बरीच शेतकऱ्यांची आणि मजुरांची पोरे. घरून तूप-बदामाचा खर्च झेपला तर झेपला. पहाटे हौद्यातली लाल माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती जोपासायची, जोर-बैठका मारायच्या, एकमेकांच्या अंगाला माती लावून लढायचे, मग एकाने दुसऱ्याचे अंग रगडायचे. पुरुषांचा पुरुषांना इतका उघड, इतका निवांत स्पर्श शहरात दुसरीकडे कुठे होत नसेल. बाहेरून आलेल्या लेखकाला इथे लगेच कथा दिसते, आणि त्या कथेत पैलवान मनातून ‘तसलाच’ निघतो. मला हा मोह आळशीपणाचा वाटतो. तालमीतला स्पर्श कामाचा असतो, डावाचा असतो, वस्तादाच्या नजरेखालचा असतो, आणि बहुतेक पोरांच्या लेखी त्यात दुसरे काही नसते. लिहिण्यासारखा असतो तो त्यांच्यातला एखादाच, ज्याच्या लेखी त्यात दुसरे काही असते, आणि जो म्हणूनच लंगोटाचा इतरांहून अधिक पक्का राहतो, मालिशला सगळ्यांत शेवटी बसतो, थट्टेत सगळ्यांत मोठ्याने हसतो, आणि ज्याला मेहनतीने कमावलेल्या मानेमागे लपायला चांगली जागा मिळालेली असते. आमच्या गल्लीतल्या तालमीत मी फार टिकलो नाही. दुसरा एक पोरगा टिकला. तो आता शिरोली एमआयडीसीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला आहे, दिवसभर ग्राइंडर धरतो, दोन मुलींचा बाप आहे, आणि आम्ही रस्त्यात भेटलो की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच सविस्तर करतो.

अशा पोराला ‘माणसात आणण्याचे’ उपाय सगळीकडे सारखेच. स्टुअर्ट यांच्या दुसऱ्या, २०२२ च्या ‘यंग मंगो’ या कादंबरीत आई मंगोला दोन अनोळखी पुरुषांबरोबर तळ्याकाठी मासे धरायला पाठवते, हेतू हा की पोरगा जरा पुरुषांत राहून पुरुष होईल, आणि त्याच्यावर सगळ्यात मोठा अत्याचार तिथेच होतो. आमच्याकडे मासे धरायला नेत नाहीत. भरतीला पाठवतात, नाहीतर “लगीन लावा, हुतंय सरळ” म्हणतात. ज्या मुलीच्या गळ्यात हे औषध बांधले जाते तिचे काय, यावर खरे तर स्वतंत्र कादंबरी हवी, आणि ती एखाद्या बाईने लिहायला हवी.

‘यंग मंगो’चा काळ १९९० च्या दशकातला आहे. पुरुषांच्या खासगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली गेला, स्कॉटलंडमध्ये तो १९८० च्या कायद्याने गेला. म्हणजे मंगोला भीती आहे ती पोलिसांची नव्हे, टोळी चालवणाऱ्या सख्ख्या भावाची. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सोडवला तेव्हा इंग्रजी वाहिन्यांवर आनंदाश्रू होते. मीही रडलो. पण कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे भय कलमाचे कधीच नव्हते, कँटीनचे होते; आणि कँटीनमध्ये निकालपत्र लागू होत नाही.

या पुस्तकांशी माझे एक भांडण आहे. त्यांतला पोरगा बचावतो तो बाहेर पडून. लुई शिकून पॅरिसला गेले, नाव बदलले. स्टुअर्ट न्यू यॉर्कला गेले, फॅशनच्या धंद्यात नाव कमावले आणि मग लिहिले. त्यांनी जावे नाही तर काय मरावे, असे कुणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी लुई यांचे पुस्तक आल्यावर घरच्या माणसांना जे वाटले, आम्हाला असे का रंगवले म्हणून, ते मला समजते. गेलेल्याला लिहिता येते आणि राहिलेला लिहिला जातो. म्हणून रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहताना मला हायसे वाटले. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट उलट्या दिशेने चालतो: मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि गावात राहिलेला, शेतीत राबणारा बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. नातेवाईक लग्नाचे टुमणे लावतात, आई सारे जाणून असते, आणि कुणीही कुणाला फार मोठ्याने काही बोलत नाही. यात मार खाणे नाही, आत्महत्या नाही. बाळ्याच्या अंगात पुरुषपणाचा कसलाच आव नाही, आणि तो राबणारा माणूस आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदताना मी पडद्यावर प्रथमच पाहिल्या.

पण गावाकडे माळ असतो, शेत असते, झाडाची सावली असते. मंगोचा जीव जडलेल्या जेम्सकडे कबुतरांची ढाबळ आहे, तिच्या आडोशाला दोघे भेटतात, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. मराठीत लिहिताना पंथाच्या जागी जातिभेद येईल आणि तेव्हा लेखकाची खरी परीक्षा होईल. शहरातल्या कामगाराला ना माळ, ना ढाबळ. दीड खोलीत सहा माणसे, तालमीत वस्ताद, कारखान्यात कॅमेरा, रंकाळ्यावर ओळखीचे लोक. अलीकडे हातात फोन आला आहे आणि फोनमध्ये ॲप, त्यामुळे पाच किलोमीटरच्या आत आपल्यासारखा कुणी आहे एवढे तरी कळते, बिनचेहऱ्याचे का होईना. दुसरी पाळी रात्री सुटते, बायकोला ओव्हरटाइम सांगता येतो. बसस्थानकाजवळच्या लॉजवर दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर काउंटरवरचा माणूस आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतो आणि उलट निर्धास्त होतो, की पोलिसांची कटकट होणारे हे गिऱ्हाईक नव्हे. खोलीचे भाडे मात्र हेल्परच्या एका दिवसाच्या हजेरीहून जास्त असते. एक कायम कामगार आणि एक ठेकेदाराकडचा, तर ते भाडे कुणी द्यायचे आणि दुसऱ्याने ते कसे घ्यायचे, यावरून त्या दोघांत जे बोलणे होईल आणि जे बोलणे होणार नाही, ते मला मराठीत वाचायचे आहे.